स्वरयंत्र काढायचं ठरलं? आवाजाची तयारी ऑपरेशनच्या आधी सुरू करा

घशाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि 'स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल' असं सर्जनने सांगितलं, की घरातल्यांच्या डोक्यात एकच गोष्ट उरते: माणूस वाचला पाहिजे. ते बरोबरच आहे. पण ऑपरेशनच्या तारखेपर्यंत जे थोडे दिवस मिळतात, ते तपासण्या, पैशांची जुळवाजुळव आणि नातेवाइकांचे फोन यातच निघून जातात. हा लेख त्या दिवसांसाठी आहे. ऑपरेशननंतर पुन्हा बोलण्याचे रस्ते आहेत आणि ते एकापेक्षा जास्त आहेत. मात्र त्यातले बरेच निर्णय आधीच घ्यावे लागतात.

मी डॉक्टर नाही. घरात मोठ्या काकांचं हे ऑपरेशन झालं, तेव्हापासून ओपीडीच्या बाहेर बाकड्यावर भेटणाऱ्या कुटुंबांशी बोलत आलो आहे. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा लिहून काढतो. औषध, रेडिएशन, टाके यांबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

आधी नीट विचारा: आवाज कशाने जाणार आहे?

गळ्याला भोक पाडलं म्हणजे सगळं एकच, असा समज असतो. तसं नाही. ट्रॅकिओस्टॉमीत श्वासासाठी गळ्यात नळी घालतात, पण स्वरयंत्र जागेवरच असतं. अशा पेशंटला बऱ्याचदा नळीवर बसवायची एक छोटी झडप पुरते. श्वास आत घेताना ती उघडते, सोडताना मिटते, आणि हवा वर स्वरयंत्रातून जाऊन आवाज येतो. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर एका बाजूची स्वरतंतूची नस दुखावली, तर आवाज बसतो. त्यावर इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया असते. लकव्यानंतर वाचा गेली तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे घसा ठीक असतो, पण शब्द सापडत नाहीत किंवा जीभ वळत नाही. अशा माणसाला टाइप करायला फोन दिला तरी कित्येकदा उपयोग होत नाही, कारण अडचण शब्दांचीच असते.

इथून पुढचं सगळं संपूर्ण स्वरयंत्र काढलेल्यांसाठी आहे. हे ऑपरेशन नवं नाही. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ साली कॅन्सरसाठी ते पहिल्यांदा केलं. स्वरयंत्र काढलं की श्वासनलिकेचं वरचं टोक गळ्याच्या पुढच्या भागाला कायमचं शिवतात. त्या छिद्राला स्टोमा म्हणतात. श्वास यापुढे तिथूनच, नाका-तोंडातून नाही. अन्नाचा रस्ता वेगळा होतो.

आता महत्त्वाचं. पेटीचा भाता शाबूत आहे, पट्ट्या शाबूत आहेत, फक्त आतल्या रीड काढून घेतल्या, असं समजा. फुप्फुसं आहेत, जीभ, ओठ, टाळू, दात आहेत. शब्द घडवणारे हे अवयव कामाचेच असतात. फक्त मूळ नाद देणारी वस्तू गेलेली असते. पुढच्या सगळ्या युक्त्या तो नाद दुसरीकडून आणण्याच्या आहेत.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

पहिलं काम, स्पीच थेरपिस्टला आधीच भेटा. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे आपलं मेडिकल, मेयो हॉस्पिटल, मिहानमधलं एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, यांपैकी जिथे उपचार चालू असतील तिथेच विचारा. तिथे सोय झाली नाही तर दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं सीआरसी हे पुनर्वसन केंद्र नागपुरात आहे. तिथे वाचा-श्रवणाचं काम चालतं. ऑपरेशननंतर माणूस आधीच खचलेला असतो. तेव्हा अनोळखी थेरपिस्ट येऊन 'आ करा' म्हणाली की तो तोंड फिरवतो. आधी ओळख झालेली असली की काम सोपं जातं.

सर्जनला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. बोलण्याचा वॉल्व्ह (तो काय असतो ते पुढे येईल) बसवणार का? याच ऑपरेशनमध्ये की नंतर? कोणत्या कंपनीचा? खराब झाल्यावर नागपुरातच बदलून मिळेल का, आणि तेव्हा किती पैसे लागतील? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

दुसरं काम, आवाज रेकॉर्ड करा. आज, उद्या, जमेल तेव्हा. दुपारी पंखा-कूलर बंद करून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून. पेपर वाचून घेऊ नका, माणूस पेपरवाचनात नसतो. नातवंडांना हाक मारतानाचा आवाज घ्या. रागावतानाचा, हसतानाचा, 'अबे, थांब न जरा' म्हणतानाचा. घरातल्या प्रत्येकाचं नाव, 'आलोच', 'पाणी दे', 'जेवलास का', 'काळजी करू नको'. बायको-नवऱ्याला जे काही म्हणायचं असेल ते, आणि तेव्हा बाकीच्यांनी खोलीबाहेर जावं. ही वाक्यं नंतर फोनवर एकेका बटणाला जोडता येतात. ऑपरेशनआधीच आवाज बसलेला असेल तर जुने लग्नाचे व्हिडिओ आणि व्हॉट्सॅपवरचे व्हॉइस मेसेज शोधून एका फोल्डरमध्ये टाका.

रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरने त्याच माणसाच्या आवाजात नवी वाक्यं बोलणं, हेही आता होतं. ॲपलने २०२३ मध्ये आयफोनवर अशी सोय आणली. सुरुवातीला त्यासाठी दीडशे वाक्यं वाचून द्यावी लागत, आणि तीही इंग्रजीत. मराठीची सोय आज हाताशी नसली तरी रेकॉर्डिंग करून ठेवाच. तंत्र पुढे जाईल, आवाज मात्र परत भरता येणार नाही. एवढं सांभाळा की ही फाइल फॅमिली ग्रुपवर फिरवू नका. आवाजाची नक्कल करून पैसे उकळणारेही याच काळात आहेत.

जमलं तर तिसरं काम: हे ऑपरेशन होऊन गेलेल्या एखाद्या माणसाला भेटवा. थेरपिस्टला विचारलं तर त्या गाठ घालून देतात. तासभर समजावण्यापेक्षा त्या माणसाने समोर बसून 'बसा, चहा घ्या' म्हटलेलं जास्त कामी येतं.

पहिले काही आठवडे: पाटी आणि फोन

टाके ओले असतात, नाकातून अन्नाची नळी असते. डॉक्टर परवानगी देईपर्यंत बोलण्याचा प्रयत्न करायचाच नाही. लहान मुलांची प्लास्टिकची पाटी घ्या, जिच्यावर लिहून पुसता येतं. ती कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाची. रात्री नर्सला बोलवायला पलंगाला घंटी बांधा.

फोनवर गुगलच्या कीबोर्डवर मराठी टाइप होते, बोटाने अक्षर काढूनही लिहिता येतं, आणि अँड्रॉइडचा मराठी आवाज ते वाचून दाखवतो. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची ॲप आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे त्यातलं एक. फुकट आहे आणि मराठीतही आहे. मुळात ते बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी केलेलं, त्यामुळे चित्रं थोडी बालिश वाटतात. एका आजींनी ते ॲप ठामपणे परत केलं आणि नातीकडून वहीत स्वतःची चित्रं काढून घेतली: तपकिरीची डबी, देवघर, गाय, धाकटी सून. माझ्या मते ते जास्त चांगलं.

गळ्यावर धरायचं मशीन

याला इलेक्ट्रोलॅरिंक्स म्हणतात. टॉर्चएवढी वस्तू, वरच्या टोकाला थरथरणारी चकती. ती गळ्याला लावून बटण दाबलं की थरथर कातडीतून तोंडात जाते आणि जीभ-ओठ तिचे शब्द करतात. देशी मशीन काही हजारांत येतं, परदेशी त्याच्या कितीतरी पट. पहिलं मशीन थेरपिस्टसमोर लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

सगळी मेख जागा सापडण्यात आहे. हनुवटीच्या खाली आणि जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत बोटाने दाबत जा. जिथे मांस मऊ लागतं तिथे चकती सपाट टेकवा. थोडी जरी तिरपी झाली तरी आवाज बाहेरच भणभणतो, तोंडात जात नाही. तोंड 'आ' करून बटण दाबलं की जागा बरोबर आहे की नाही ते लगेच कळतं. मिळाली की तिथे पेनाने टिंब करा, चार दिवसांत हाताला सवय होते. रेडिएशननंतर गळा लाकडासारखा कडक झाला असेल तर गालावर लावून बघा. तेही जमलं नाही तर तोंडात धरायची बारीक नळी मशीनला जोडता येते. टाके ओले असतानाही हीच नळी वापरतात.

सरावाची सुरुवात आकड्यांनी करा. एक, दोन, तीन, प्रत्येक आकड्याला बटण नव्याने दाबायचं. शब्द सुरू होताना दाबायचं, संपताना सोडायचं. नवखे लोक बटण दाबूनच ठेवतात आणि सगळं बोलणं एका गुणगुणीत बुडतं. दुसरी खोड म्हणजे जोर लावून बोलणं. जोर लावला की स्टोमातून फुस्स असा आवाज येतो आणि शब्द झाकले जातात. श्वास हळू, ओठ-जीभ मोठी.

मराठीचे काही खास घोटाळे आहेत, ते घरातल्यांनी समजून घ्यावेत. मशीनचा नाद अखंड चालू असतो, त्यामुळे प आणि ब, त आणि द, क आणि ग यांतला फरक पुसट होतो. 'तार' आणि 'दार' सारखेच लागतात. शिवाय फुप्फुसाची हवा तोंडात येत नाही, म्हणून ज्या अक्षरांत हवा लागते ती पडतात. भाताचा 'बात' होतो, घराचं 'गर'. 'हो' तर बहुधा ऐकूच येत नाही. काकांच्या घरी होकाराला 'चालेल' ठरवून टाकलं, भांडणं निम्मी झाली. 'नाही' मात्र पहिल्या दिवसापासून समजतं.

मशीनचा सूर सपाट, त्यामुळे वाक्याच्या शेवटी आवाज चढवून प्रश्न विचारता येत नाही. 'जातोस?' म्हटलं तर ते सांगणं वाटतं. 'जातोस का?' असं 'का' लावूनच विचारायचं.

फोनवर वेगळीच पंचाईत. समोरच्याला वाटतं कंपनीचा रेकॉर्ड केलेला कॉल आहे, आणि तो ठेवून देतो. म्हणून पहिलं वाक्य पाठ असू द्या: 'मी माणूस बोलतो आहे, गळ्याच्या मशीनवर, ठेवू नका.' बँकेत, गॅस एजन्सीत हेच. शक्य तिथे व्हिडिओ कॉल करा, ओठ दिसले की समजणं फार सोपं होतं.

वॉल्व्ह: सगळ्यात नैसर्गिक, सगळ्यात जास्त देखभालीचा

श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत एक बारीक भोक करून त्यात सिलिकॉनची एकेरी झडप बसवतात. बोलायचं तेव्हा स्टोमा अंगठ्याने झाकायचा. फुप्फुसातली हवा बाहेर जाऊ शकत नाही, झडपेतून अन्ननलिकेत शिरते, तिथली वरची भिंत थरथरते आणि आवाज निघतो. घोगरा असतो, पण माणसाचा असतो. श्वास आपलाच असल्यामुळे वाक्यं लांब येतात, चढ-उतारही थोडे येतात. अमेरिकेत मार्क सिंगर आणि एरिक ब्लॉम यांनी १९८० च्या सुमारास हे तंत्र रुळवलं. नेदरलँड्सच्या कॅन्सर संस्थेतून १९९० मध्ये प्रोव्हॉक्स हा वॉल्व्ह आला. ब्लॉम-सिंगर आणि प्रोव्हॉक्स ही दोन्ही नावं डॉक्टरांच्या तोंडी ऐकू येतील.

आयात केलेला वॉल्व्ह हजारो रुपयांना पडतो आणि तो कायमचा नसतो. त्यावर बुरशी वाढते, काही महिन्यांत तो गळू लागतो आणि बदलावा लागतो. म्हणजे खर्च एकदाचा नाही. बंगळूरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी सुमारे पन्नास रुपयांचा 'ऑम' वॉल्व्ह तयार केला, तो याच कारणासाठी. तुमच्या सर्जनला त्याबद्दल जरूर विचारा.

रोजची देखभाल अशी. सकाळी आरशासमोर, खिडकीच्या उजेडात किंवा डोक्याला टॉर्च लावून. हात साबणाने धुवायचे. बाटली धुवायच्या ब्रशासारखा पण काडीएवढा ब्रश वॉल्व्हबरोबर मिळतो. तो पाण्यात बुडवून, झटकून झडपेत सरळ घालायचा, फिरवायचा, बाहेर काढायचा. पिवळट चिकट सुटतं, खोकला येतो, डोळ्यांत पाणी येतं. हे चालायचंच. संध्याकाळी पुन्हा. ज्यांचा हात थरथरतो किंवा नजर कमी आहे त्यांच्यासाठी घरातल्या एकाने शिकून घ्यावं. ते कुणालाच जमणार नसेल तर वॉल्व्हच्या मागे न लागणं बरं. मशीन कमी दर्जाचं नाही.

चहा पिताना ठसका येऊ लागला की वॉल्व्ह गळतो आहे असं समजा. घरी तपासायला रसना किंवा रंगीत सरबत द्या आणि टॉर्चने बघा. रंग झडपेच्या मधून येतो की कडेने, हे डॉक्टरांना सांगता आलं तर त्यांचं काम सोपं होतं. मधून येत असेल तर वॉल्व्ह बदलायचा, कडेने येत असेल तर माप किंवा भोकाचा प्रश्न.

वॉल्व्ह निघून आला तर घाबरू नका, पण वेळही घालवू नका. ते भोक लवकर बुजतं. हॉस्पिटलने दिलेली रबरी नळी शिकवल्याप्रमाणे भोकात सरकवून चिकटपट्टीने बांधायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. निघालेला वॉल्व्ह सापडत नसेल तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो. मग तडक इमर्जन्सी. ही नळी पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि प्रवासाच्या पिशवीतही एक ठेवा.

याशिवाय काहीच न लावता बोलण्याची एक पद्धत आहे: हवा अन्ननलिकेत ओढून, ढेकरेसारखी परत सोडत तिचे शब्द करायचे. पैसा लागत नाही, हात मोकळे राहतात. पण शिकायला महिने जातात आणि सगळ्यांना जमत नाही. थेरपिस्ट 'तुम्हाला जमेल' म्हणाली तर जरूर प्रयत्न करा.

नागपूरचं ऊन आणि उघडा स्टोमा

नाक हवा गाळतं, ओली करतं. आता ते काम करणारं कुणी नाही. एप्रिल-मेमधली आपली कोरडी, तापलेली हवा सरळ फुप्फुसात जाते, कफ वाळतो आणि स्टोमाच्या कडेला खपली धरते. खपलीने श्वास अडू शकतो. स्टोमावर लावायचे हवा ओलसर ठेवणारे छोटे फिल्टर मिळतात. ते परवडले नाहीत तर मलमलच्या कापडाची दुहेरी झालर ओली करून, पिळून, सैल बांधा. आपल्याकडे उन्हाळ्यात अख्खं शहर दुपट्टा गुंडाळून फिरतं, त्यामुळे कुणी वळून बघतही नाही. फक्त तो पातळ सुती हवा आणि सैल हवा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सलाइनची वाफ. कूलर असू द्या, पण त्याच्यासमोर तोंड करून झोपू नका आणि टाकीतलं पाणी बदलत राहा.

आंघोळ छातीपासून खाली, गळ्याला वरून आडोसा धरून. पोहणं बंद. होळीच्या दिवशी घरात बसा, एक फुगा गळ्यावर फुटला तर थट्टा राहत नाही. खर्रा, बिडी, सिगारेट यांबद्दल डॉक्टर जे बोलले असतील त्यात मी भर घालत नाही.

वासही कमी येतो, कारण हवा नाकातून जातच नाही. ओठ मिटून, जांभई आल्यासारखा जबडा हळूच खाली नेला की थोडी हवा नाकात ओढली जाते. थेरपिस्ट ही युक्ती शिकवतात. जमू लागली की संत्रं सोलल्याचा वास परत येतो. तोवर स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवून घ्या. गरम चहावर फुंकर मारता येत नाही, हे पहिल्या कपालाच कळतं. बशी काढून ठेवा.

मेंदूत बसवायच्या चिपचं काय?

ही बातमी कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवतंच, म्हणून थोडक्यात. अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मेंदूवरच्या इलेक्ट्रोडमधून बोलण्याचा इरादा वाचून मिनिटाला साठ ते ऐंशी शब्दांच्या दरम्यानचा वेग गाठला. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या गटाने एका पेशंटच्या बाबतीत ९७ टक्के अचूकता दाखवली, तीही त्याच्या आजारापूर्वीच्या आवाजात. काम थक्क करणारं आहे. पण ते ज्यांचे ओठ-जीभच हलत नाहीत त्यांच्यासाठी आहे, आणि आज प्रयोगाच्या पातळीवर, इंग्रजीत आहे. तुमच्या माणसाचे ओठ-जीभ ठणठणीत आहेत. त्याला मेंदूत काही बसवायची गरज नाही. स्वरयंत्राचं प्रत्यारोपण २०२४ मध्ये मेयोत झालं हेही खरं, पण ते ॲरिझोनातलं मेयो क्लिनिक, आपलं सीए रोडवरचं नव्हे.

कागदपत्रं

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये वाचा-दोषाच्या व्याख्येतच स्वरयंत्र काढण्याचा उल्लेख आहे. म्हणजे प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याचा तुम्हाला हक्क आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज करा. डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट जोडा. कित्येक ठिकाणी खिडकीवरच्या माणसालाच हे ठाऊक नसतं आणि तो कानाची तपासणी करून आणायला सांगतो. कायद्याच्या त्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनआधी भेटा आणि वॉल्व्ह पॅकेजमध्ये धरला आहे का, हे स्पष्ट विचारा.

आणि एक कार्ड आजच करून ठेवा. रस्त्यात चक्कर आली तर लोक तोंडावर पाणी मारतात, ॲम्ब्युलन्सवाले नाका-तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावतात. दोन्हींचा उपयोग नाही, पाणी तर घातक. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकारावर, ठळक अक्षरांत, मराठी आणि हिंदीत लिहा:

'मी गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतो. ऑक्सिजन गळ्यावर द्या. छिद्र झाकू नका, पाणी मारू नका. मला ऐकू येतं.'

खाली घरच्या दोघांचे नंबर. एक शर्टाच्या खिशात, एक गाडीच्या डिक्कीत, आणि त्याचाच फोटो फोनच्या लॉक स्क्रीनवर.